गिऱ्हाईक येणार म्हणून

शेषराव इंगोले मिस्त्रीनं सेनगाव तालुक्यात किती घरं उभी केली, ते त्याचं त्यालाबी सांगता येत नाही. गोरेगावच्या रस्त्यानं जीपमधून जाताना तो बोट दाखवत राहायचा. हे माझं, ते माझं, त्या स्लॅबला माझ्या हातचं पाणी. दर वेळेला जनकाबाई त्याला अडवायची.

"तुमच्या हातचं न्हाई. पाणी मी मारत व्हते."

ते खरंच होतं. लग्न झालं तवापासून ती त्याच्या हाताखाली घमेली वाहत होती. रेती चाळायची, विटा भिजवायची, सांजच्याला त्याच हातानं भाकरी थापायची. लोकांची घरं बांधता बांधता दोघांनी सेनगावच्या कडेला आपलंबी बांधलं. दोन खोल्या, पुढं ओटा, मागं मोरी, वर स्लॅब. सुट्टीच्या दिवशी भिंत चढायची. स्लॅब टाकायच्या दिवशी गल्ली मदतीला आली अन् जनकाबाईनं साठ माणसांचं वरण-बट्टी केलं. जिन्याच्या कोपऱ्यात मात्र सिमेंट कमी पडलं. शेषराव म्हणला, "उद्या बघू." तो उद्या काही आला नाही. पावसाळ्यात तेवढा कोपरा ठिबकतो. दुसऱ्याच्या घरात त्यानं असं कधी होऊ दिलं नाही.

दोन वर्षांमागं त्याचे पाय सुजायला लागले. किडन्या बसल्यात, असं हिंगोलीच्या डॉक्टरनं सांगितलं. आठवड्याला दोनदा जीपनं हिंगोली, चार तास मशीनला, परत जीप. गडी वाळून निम्मा झाला. दंडावर सुयांच्या जागी शीर अशी फुगली की कातडीखाली दोरखंड घातल्यागत दिसायची. शेवटी संभाजीनगरच्या दवाखान्यात किडनी बदलायचं ठरलं. लेक ऐश्वर्या हट्टा गावाला दिलेली, नुकतीच बाळंत झालेली, तिची घेता येईना. मग जनकाबाईची तपासली. जुळली.

"तीस वर्षांत आमचं कशात जुळलं न्हाई," ती डॉक्टरला म्हणाली, "हे बरं जुळलं."

डॉक्टर हसला नाही. फेब्रुवारीच्या वीस तारखेला ऑपरेशन धरलं होतं. सरकारी योजनेतून निघंल तेवढं निघणार होतं, वरचे चार लाख बारा तारखेच्या आत भरायचे होते. पुढं वर्षभर तिथंच खोली करून राहायचं, गोळ्या तर जन्माच्या. तारीख हुकली तर कागदं पुन्हा पहिल्यापासून. "अन् तेवढा वेळ आपल्याकडं नाही," असं डॉक्टर बोलला, तेव्हा तो शेषरावाकडं बघत नव्हता, जनकाबाईकडं बघत होता.

विकण्यासारखं एकच होतं. जनकाबाईनं सोळा लाख धरले अन् दगडोबाला बोलावलं.

दगडोबा तीस वर्षं बैलांचा दलाल. बाजारात बैल कमी झाले, रस्त्याच्या कडंनं प्लॉट पडले, तसा तोबी प्लॉटांत आला. धंदा बदलला तरी रीत तीच. घर बघायला आला की आधी मागून फेरी मारायची, मग बाजूला थाप द्यायची, अन् मग पुढं येऊन तोंडाकडं बघायचं. खांद्यावर टावेल कायम. बैलाचा भाव ह्याच टावेलाखाली बोटं धरून व्हायचा. घेणाऱ्याला एक बोट, विकणाऱ्याला दुसरं, अन् दोघांच्या मधलं उरंल ते दगडोबाचं.

"घर नंबरी हाय, माय," तो ओट्यावर बसत म्हणला. "पंधरा दिवसांत उडवतो बघ."

पहिलं गिऱ्हाईक आठ दिवसांत आणलं. अडतीतलं कुटुंब, नवरा-बायको. नवऱ्यानं फरशीवर टाच आपटून बघितली, मोरीचा नळ सोडून बघितला, खूश झाला. बायकोची नजर समोरच्या भिंतीवर गेली. तिथं बाबासाहेबांचा फोटो होता, हातभर उंच, काचेचा. घर झालं त्या वर्षी दोघं दीक्षाभूमीला गेले तवा शेषरावानं आणलेला. नागपूर ते हिंगोली मांडीवर धरून. बाईनं नवऱ्याला कोपरानं खुणावलं. जनकाबाईनं पाण्याचे पेले पुढं केले. "आत्ताच चहा झाला," म्हणत दोघं चपला घालून मोकळे. पेले तसेच राहिले.

सांजच्याला दगडोबाचा फोन आला. "वस्ती जमंना म्हणतेत."

"वस्तीला काय झालं?"

"आता मी काय सांगू, माय. तुला समजत न्हाई व्हय?"

तिला समजत होतं. जन्मापासून समजत होतं. पण आत्तापोत्तर त्या समजण्याला तारीख लागलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दगडोबा आला तो शिकवणी घेऊनच.

"हे बघ. बैल बाजारात न्यायचा म्हणल्यावर आपण शिंगं घासतो, रंग देतो. खोटं बोलत न्हाई, खोड पुढं करत न्हाई, एवढंच. एक, मिस्त्रीला गिऱ्हाईकापुढं आणायचं न्हाई. आजारी माणूस दिसला की त्यायला कळते हे अडले, मंग भाव पाडतेत. दुसरं, भाव मी बोलणार, तू गप. तिसरं…" तो थांबला अन् टावेलानं उगीच मान पुसली. "तो फोटो तेवढा आत ठिव. आडनाव इंगोलेच हाय. मराठ्यातबी इंगोले हायेत. आपण काई सांगायचं न्हाई. समोरचा समजून घेते."

"म्हंजी बाबासाहेब आमची खोड हायेत व्हय, दगडोबा मामा?"

"मी आसं म्हणलो का? मी बाजाराचं बोलून राहिलो. तुला बारा तारीख हाय का मला?"

आतल्या खाटेवरून शेषराव सगळं ऐकत होता. त्यानं कूस बदलली. जनकाबाई स्टुलावर चढली. फोटो उतरवून तिनं आपल्या पांढऱ्या लुगड्यात गुंडाळला अन् पेटीत उताणा ठेवला. भिंतीवर चौकोन राहिला, आजूबाजूपेक्षा उजळ, मधोमध वर खिळा.

"हे बराबर न्हाई दिसत," दगडोबा म्हणला अन् पिशवीतून त्यानं खताच्या दुकानाचं कॅलेंडर काढलं. वर कमळात उभी लक्ष्मी.

"ते न्हाई लावायचं."

"कॅलेंडर हाय ते. तारखा बगायला."

त्यानंच ते खिळ्याला अडकवलं. जनकाबाईचं लक्ष्मीशी काही वाकडं नव्हतं. पण ते तिचं नव्हतं. त्या दिवसापासून ती पुढच्या खोलीत बसेना. चुलीपाशीच काही ना काही काढून बसायची.

पंचवीस जानेवारीला दुसरं गिऱ्हाईक आलं. विकास जाधव, कृषी सहायक, बदलून सेनगावला आलेला. पस्तिशीचा, अंगानं बारीक, गाडीवरून उतरल्यावर आधी गल्लीच्या दोन्ही टोकांकडं बघणारा. शेषरावाला तासभर आधीच शेजारच्या धर्मसिंगच्या किराणा दुकानात नेऊन बसवलं होतं. फुगलेला दंड झाकायला अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा. स्वतःच्या हातानं बांधलेल्या घरातून तो असा निघाला, जसा उधारीवाला मागल्या दारानं निघतो.

जनकाबाई दारात उभी राहिली. जन्माच्या सवयीनं हात जुळले अन् तोंडात 'जय भीम' आला. मागून दगडोबा खाकरला. तिनं शब्द गिळला.

"नमस्कार," ती म्हणाली.

समोरच्या माणसाचेबी ओठ काहीतरी म्हणायला उघडले होते. तिचं ऐकून ते मिटले. "नमस्कार," तो म्हणला.

तो आत आला. भिंतीकडं बघितलं, कॅलेंडरावर नजर थांबली, मग खाली सरकली. खोल्या बघितल्या, पण पाहुण्याच्या घरात फिरल्यागत, कशाला हात न लावता. ओट्यावर येऊन त्यानं विचारलं, "गल्लीत कोण कोण राहते?"

ह्याची शिकवणी झालेली होती. "समदे चांगले लोक हायेत," ती म्हणाली.

"हां," तो म्हणला. फक्त हां.

तेवढ्यात दगडोबानं त्याचा हात धरून टावेल टाकला अन् आत बोटं चाचपायला लागला. विकासनं दचकून हात ओढला. "हे काय करून राहिले?"

"भाव, साहेब, भाव! बाईमाणसापुढं उघडं कशाला बोलायचं?"

दोघं गाडीपाशी गेले, तिथं काही बोलले. गाडी गेली. दगडोबा परत आला तो मान हलवतच. "साडेतेराच्या वर सरकंना. अन् मन बसलेलं न्हाई त्याचं. काई चुकलं का तुझं?"

"मी काय केलं? तुमी सांगितलं तेच म्हणले."

त्यानंतरचे दिवस तिला नीट आठवतही नाहीत. मंगळवारी हिंगोली, शुक्रवारी हिंगोली. मशीनच्या खोलीबाहेर बाकड्यावर बसून ती दगडोबाला फोन लावायची अन् तो उचलायचा नाही. एकदा उचलला तर म्हणला, "एक जण हाय, दहाला घेतो म्हणते, देऊ का?" ती देते म्हणाली. मग त्या दहावाल्यानंही फोन उचलला नाही. शुक्रवारी मशीनवरच शेषरावाला दम लागला. नर्सबाईनं वारा घातला, डॉक्टर पळत आला. परतीच्या जीपमध्ये तो तिच्या खांद्यावर मान टाकून म्हणला, "जनका, राहू दे घर. तुला तरी छप्पर राहील."

"गप बसा," ती म्हणाली. "एका खोलीत तुमाला ठेवून दुसरीत मी काय नाचू?"

आजूबाजूची माणसं बघायला लागली. तिनं तोंडात पदर कोंबला.

रविवार, एक फेब्रुवारी. सकाळी ती उठली, पुढच्या खोलीत आली, अन् त्या कॅलेंडरानं तिला तारीख दाखवली. खरंच तारखा बघायलाच होतं ते. अकरा दिवस. तिला तिथं थांबवेना. पेटीतून पांढरं लुगडं काढायचं तर त्यात फोटो गुंडाळलेला. तिनं तो उघडा करून पेटीतच ठेवला, लुगडं नेसली अन् विहारात गेली. तीन रविवार गेली नव्हती. ज्याला घरात भिंतीवरून उतरवलं त्याच्यापुढं इथं येऊन काय तोंडानं हात जोडायचे, असं वाटायचं.

वंदना सुरू झालेली होती. ती मागं बायकांत बसली. तिसरी ओळ म्हणता म्हणता तिचं लक्ष पुढं गेलं. पांढरा सदरा, बारीक मान, बाजूला बायको अन् मांडीवर लहानगी. मान वळली तशी जनकाबाईची वंदना तोंडातच राहिली.

सुटल्यावर तिनं त्याला पायऱ्यांवर गाठलं.

"जय भीम, साहेब."

विकास बघतच राहिला. "मावशी… तुमी? इथं?"

"मी तर इथलीच. तुमी?"

त्याची बायको शीतल, बोलायला फटकळ. ती म्हणाली, "आवो, हे तर म्हणत व्हते तुमच्या घरात लक्ष्मी लावलेली हाय."

"दगडोबाची हाय ती. खताच्या दुकानाची. आमचा फोटो पेटीत ठिवायला लावला त्यानं. म्हणला, फोटो बघून गिऱ्हाईक पळते."

विकास पायरीवर बसला. कपाळाला हात लावून हसायला लागला, पण ते हसणं काही बरं नव्हतं. "मावशी, आमाला ह्या गावात तीन जागी किरायानं खोली न्हाई म्हणले. आडनाव ऐकून चावी काढायचे, अन् ह्या पोरीचं नाव विचारलं की चावी परत खिशात. हिचं नाव यशोधरा. म्हणून ठरवलं, घर घ्यायचं ते आपल्या माणसांत. तुमच्याकडं आलो, नमस्कार ऐकला, भिंत बघितली. वरून तुमी म्हणलात, समदे चांगले लोक. मला वाटलं, तुमच्यासारख्याला इथं जागा न्हाई, समजून घ्या, आसं ह्या बाई म्हणून राहिल्या."

"माझ्या घराच्या एका अंगाला पाईकराव हायेत, आपलेच, दुसऱ्या अंगाला धर्मसिंगचं दुकान. त्याच्या दुकानात माझा माणूस लपवून बसवला व्हता तुमी आलात तवा."

"लपवून? काहून?"

"आजारी हाय म्हणून."

शीतल म्हणाली, "अन् अठरा लाख लई व्हतात, मावशी. दोन खोल्यांचे."

"अठरा? मी सोळा म्हणले व्हते. तुमी साडेतेरा म्हणलात ना?"

"मी भावच बोललो न्हाई," विकास म्हणला.

टावेलाखाली काय काय होतं ते तिघांना एकदमच कळलं.

"मंग आता घ्या," जनकाबाई म्हणाली.

विकासनं मान खाली घातली. "काल दुसऱ्या एजंटाकडं इसार दिला, मावशी. रिसाला भागात, हिंगोलीत. एकवीस हजार. परत मिळत न्हाई तो."

ती त्याच पायरीवर, त्याच्याशेजारी बसली. विहारातली माणसं चपला शोधत होती, पोरं खाऊ वाटत होती. तिला वाटलं, गळा काढावा. पण त्यानं बारा तारीख पुढं जाणार नव्हती.

"ते एकवीस हजार मी माझ्या भावातून सोडते," ती म्हणाली. "ऐका माझं. माझ्या माणसाच्या किडन्या गेल्या. माझी त्याला बसवायची हाय. बारा तारखेच्या आत चार लाख भरायचे. अडलेली हाय मी. तुमाला भाव पाडायचा तर पाडा, पण आज पाडा. उद्याला माझ्याकडं टाइम न्हाई."

विकासनं बायकोकडं बघितलं. शीतलनं पोरगी कडेवर घेतली. "रोज हिंगोलीहून जीपनं येणार व्हते हे ऑफिसला," ती म्हणाली. "मी अजून घर बघितलं न्हाई. चला."

घरी येऊन जनकाबाईनं पहिलं काम केलं ते कॅलेंडर उतरवून गुंडाळी करून बाजूला ठेवायचं. फोटो लावायला शेषराव स्वतः उठला. स्टुलावर चढवेना, म्हणून खालून त्यानं काच पुसून दिली अन् वर तिनं लावला. तो मग अर्ध्या बाह्यांच्या बनियनवरच, दंड उघडा टाकून, खुर्चीवर बसला.

दगडोबाला धर्मसिंगच्या दुकानातून बातमी लागली होती. शीतल मोरी बघत होती तेवढ्यात तो धापा टाकत दारात हजर. भिंत बघितली, खुर्चीतला मिस्त्री बघितला.

"काय केलं, माय! समदं उघडं करून ठिवलं."

"तुमची बोललेली दलाली मी देईन, मामा. टावेल मात्र खांद्यावरच राहू द्या."

"धंदा हाय गं. बैलातबी हेच केलं मी."

"बैल मुका हाय."

दगडोबा ओट्याच्या कडेला टेकला.

विकास छताकडं बघत होता तर शेषराव म्हणला, "साहेब, जिन्याच्या कोपऱ्यात गळते. दर पावसाळ्यात. तिथं माल कमी पडला व्हता माझ्याकडून."

जनकाबाई पुढं सरली. "आवो, आत्ता काहून सांगून राहिले?"

"मिस्त्री हाव मी. त्यायच्या लेकराच्या डोक्यावर ठिबकल अन् मंग ते म्हणतील, बांधलं कुणी?"

विकास जिन्यानं वर गेला. किती तरी वेळ वरच राहिला. जनकाबाई भिंतीला पाठ लावून उभी होती. वर पावलं वाजत होती, ज्या स्लॅबला तिनं एकवीस दिवस पाणी मारलं त्या स्लॅबवर. तिला वाटलं, आता तो खाली येणार अन् 'सांगतो' म्हणणार. 'सांगतो' म्हणजे काय ते तिला आता पाठ होतं.

तो खाली आला. हाताला लागलेली शेवाळाची धूळ झटकली.

"पंधरा लाख. एकवीस हजार त्यातच धरले. चार लाखाचा चेक उद्या इसार म्हणून, बाकीचं बँकेचं कर्ज झालं की खरेदीखताला. कोपरा आमी दुरुस्त करतो, पण कसा करायचा ते मिस्त्रीनं सांगायचं."

तिनं शेषरावाकडं बघितलं. तो दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे धरून बसला होता.

"उद्या म्हंजी उद्या?" तिनं विचारलं.

"बँक उघडल्याबराबर."

"झालं मंग."

एवढंच ती म्हणाली. घर गेलं. तारखेला अजून अकरा दिवस, ऑपरेशनला एकोणीस. चेक वटायचा होता, गड्याचा जीव तोवर टिकायचा होता, दोघांची पोटं फाडून शिवायची होती. पण आत्ता त्या खोलीत एकही गोष्ट झाकलेली नव्हती, अन् तिला कितीतरी दिवसांनी तिथं बसावंसं वाटलं. ती बसली. पेल्यांत पाणी ओतलं. शीतलनं पेला घेतला अन् तोंडाला लावून पुरता रिकामा केला.

"मावशी," पेला ठेवत शीतल म्हणाली, "एवढा मोठा फोटो संभाजीनगरच्या किरायाच्या खोलीत कुठं लावताल? राहू द्या की इथंच. आमालाबी लावायचाच हाय."

"न्हाई," जनकाबाई म्हणाली. "ह्यांनी नागपूरहून मांडीवर आणलेला हाय तो. आमच्यासोबत दवाखान्यात येईल. तुमचा तुमी आणा."

मग तिनं भिंतीकडं बघितलं.

"खिळा राहू देते."